मास्तरांचा उसना आवाज

मित्रांनो, माझ्या झाकणाच्या उजव्या कोपऱ्याला तडा गेला आहे. ‘क’ आणि ‘म’ ही अक्षरे बोटांनी घासून घासून पुसली गेली आहेत. मला सुरू व्हायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात माणूस चहा करून आणतो. एवढ्यावरून तुम्ही ओळखले असेलच. मी एक जुना लॅपटॉप. तुमच्या घरातला नवा, चपळ लॅपटॉप मला पाहून नाक मुरडेल. मुरडू दे. त्याने अजून काही पाहिलेले नाही. मी जे पाहिले ते नुसते आठवले तरी माझा पंखा आपोआप गरगरू लागतो.

माझा जन्म एका लांबलचक, थंडगार कारखान्यात झाला. तिथे सदा सर्वकाळ एकच पांढरा उजेड असे आणि कामगार डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत. कुणी माझ्या पोटात बॅटरी बसवली, कुणी पाठीला स्क्रू पिळले. शेवटी एका मुलीने माझ्या डोळ्यावरची, म्हणजे कॅमेऱ्यावरची, पातळ फीत ओढून काढली आणि मी पहिल्यांदा जग पाहिले. जग म्हणजे त्या मुलीची भलीमोठी जांभई होती.

तिथून मी न्हाणीघराच्या फरशा विकणाऱ्या एका कंपनीत गेलो. तिथले एक कारकून मला फार जपत. रोज सकाळी चष्मा पुसायच्या कापडाने आधी मला पुसत आणि मग चष्मा. माझ्याजवळ कुणी पाण्याचा पेला ठेवला तर तो उचलून लांब नेत. ‘हा माझा उजवा हात आहे,’ असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. मला वाटले, आपले आयुष्य इथेच सुखात जाणार. एका सकाळी मात्र कंपनी बंद पडल्याचे कळले. कारकुनांनी टेबलावरचा मुलांचा फोटो उचलला, पाण्याची बाटली उचलली, खणातला कंगवासुद्धा उचलला, आणि उजव्या हाताकडे न बघता ते निघून गेले. दुपारी दोन हमालांनी आम्हा सगळ्यांना भाजीच्या क्रेटमध्ये एकावर एक रचले. माझ्या छातीवर एक छपाईयंत्र होते.

असा मी एका दुरुस्तीवाल्याच्या दुकानात येऊन पडलो. बरेच दिवस कुणी माझी चौकशी केली नाही. मग एकदा एक बाई आल्या. त्यांच्या बाहीला पीठ लागले होते. त्या बेकरीच्या काउंटरवर काम करतात हे मला नंतर कळले. त्यांनी मला उघडले, बंद केले, पुन्हा उघडले आणि दुरुस्तीवाल्याला म्हणाल्या, “मुलीला शिकायला हवाय. आणि तिच्या बाबांना बोलायला.”

दुरुस्तीवाला गोंधळला. मी तर त्याहून गोंधळलो. मी हिशेब केले होते, पत्रे लिहिली होती, फरशांची चित्रे दाखवली होती. पण माणसाला बोलायला माझी काय गरज?

त्या घरात गेल्यावर उलगडा झाला. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत एक पलंग, खिडकीपाशी टेबल, आणि बाहेर कपडे वाळत घालायची गॅलरी. मागे स्वयंपाकघर. चाकांच्या खुर्चीत एक उंच, रुंद खांद्यांचे गृहस्थ बसलेले असत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. ते शाळेतले मास्तर नव्हते. गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. शिकाऊ माणूस चाकाशी आणि मास्तर शेजारी, त्यांच्या पायाखाली वेगळा ब्रेक. ‘क्लच, क्लच. हळू. आरसा बघा. ब्रेक.’ असे ते दिवसभर बोलत. संध्याकाळी घरी आले की दिवसभरात कोण कशाला धडकता धडकता वाचले त्याच्या गोष्टी सांगत. बोलता बोलता त्यांचा घास हातातच राही, असे त्या बेकरीतल्या बाई, म्हणजे घरातल्या आई, सांगत.

मग एका सकाळी दात घासताना त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. तेही एक वेळ सोसले असते, पण वाचा गेली. डोक्यात सगळे शाबूत. समोरचा काय बोलतो ते कळे, विनोद कळे, हसूही येई. पण शब्द म्हणून ओठांपर्यंत येत नसे. दिवसभर बोलणारा माणूस एका सकाळीत गप्प झाला. मी त्यांना प्रथम पाहिले तेव्हा या गोष्टीला वर्ष होऊन गेले होते आणि घरातल्यांना त्या शांततेची सवय झाली होती. मला मात्र धक्काच बसला. मी दिवसभर खडखड करणाऱ्या कचेरीतून आलो होतो. त्या घरात भांडेसुद्धा हळू ठेवत.

त्यांच्या मुलीचे नाव घरात गुंडी होते. लहानपणी तिने शर्टाची गुंडी गिळली होती, तेव्हापासूनचे ते नाव. ती कॉलेजात संगणकाचे शिक्षण घेत होती आणि शेवटच्या वर्षाला होती. मला घरी आणल्याबरोबर तिने माझी साफसफाई केली. फरशांची शेकडो चित्रे काढून टाकली आणि माझ्यात एक सोपीशी प्रणाली घातली. पडद्यावर मोठी मोठी चित्रे येत. पाण्याचा पेला, पंखा, उशी, खिडकी. चित्राला बोट लावले की मी तो शब्द मोठ्याने म्हणायचो. मास्तरांना वाचेचे उपचार द्यायला दवाखान्यातून एक बाई येत. गुंडीने त्यांचे नाव वाचाबाई ठेवले होते. त्यांनीच हे सुचवले होते.

मास्तरांनी डाव्या हाताचे बोट पाण्याच्या पेल्यावर टेकवले. मी म्हणालो, “पाणी.” आई स्वयंपाकघरातून पेला घेऊन धावत आल्या, आणि दारातच थबकल्या. नवऱ्याने काहीतरी मागितले होते आणि ते ऐकू आले होते.

मित्रांनो, माझा आवाज काही गोड नाही. सपाट आहे. कुणाचे पोट दुखत असले तरी मी ते सूचनाफलक वाचावा तसे सांगतो. पण त्या घरात माझे फार कौतुक झाले. मास्तर हळूहळू तरबेज झाले. गुंडी गाणे म्हणू लागली की ते ‘दुखतंय’वर बोट ठेवत. ती आणखी जोरात गाई, ते पुन्हा ‘दुखतंय’ दाबत, आणि मी आपला मख्खपणे “दुखतंय, दुखतंय” म्हणत राहायचो. तिघेही हसत. माझे मुख्य काम म्हणजे एका माणसाचा आवाज म्हणून जगायचे. याहून मोठा मान कुणाला मिळतो?

उरलेला वेळ मी गुंडीचा. विद्यार्थ्याचा दिवस कसा असतो ते मी तिच्याकडे पाहून शिकलो. सकाळी कॉलेजला जाण्याआधी ती एक घड्याळ लावी. ते वाजेपर्यंत फक्त अभ्यास, फोन पालथा. पाठांतरासाठी पत्ते होते. पडद्यावर प्रश्न येई, मनात उत्तर म्हणायचे आणि पत्ता उलटायचा. चुकलेले पत्ते मी पुन्हा पुन्हा समोर आणायचो, त्यामुळे ती माझ्यावर खेकसायची. भाजी चिरता चिरता ती आपली टिपणे मला वाचायला लावी. माझ्या सपाट आवाजातले ते अवघड अवघड शब्द मास्तर पलंगावर पडून ऐकत आणि थोड्याच वेळात घोरू लागत. दोन मैत्रिणी अधूनमधून पडद्यावर येत. अभ्यास थोडा होई आणि एका सरांच्या मिशीवर चर्चा फार. परीक्षा जवळ आली तशी मिशी मागे पडली. जेवताना पानाशेजारी मी उघडा असे. माझ्या कळांमध्ये शिते आणि पावाचा चुरा साठला, पण मी तक्रार केली नाही.

एक तक्रार मात्र मी करत होतो. माझे पोट फुगू लागले होते.

माझ्या पोटातली बॅटरी म्हातारी झाली होती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी तारेला जोडलेला, आणि पुष्कळदा पलंगावरच्या गादीत रुतलेला. वारा लागत नसे. बॅटरी आतून फुगली आणि तिने माझ्या तळव्याला बाहेर ढकलले. टेबलावर ठेवले की मी डुगडुगत असे. झाकण नीट मिटत नसे. मी पडद्यावर रोज सूचना देत होतो की बॅटरी तपासून घ्या. गुंडी ‘नंतर’ असे दाबून ती बाजूला करी. दुरुस्तीवाल्याने फोनवर सांगितले होते की बॅटरी बदलायला हवी, दोन दिवस लॅपटॉप ठेवून जा. दोन दिवस! परीक्षा तोंडावर, आणि घरातल्या माणसाचा आवाज दोन दिवस दुकानात ठेवायचा? परीक्षा संपली की लगेच नेऊ, असे आईंना सांगून तिने माझ्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. माझे डुगडुगणे थांबले. दुखणे थांबले नाही.

त्या वर्षी कॉलेजच्या परीक्षागृहाचे छत दुरुस्तीला काढले होते. म्हणून ठरले की परीक्षा घरून, संगणकावर द्यायची. त्यासाठी कॉलेजने माझ्यात एक नवी प्रणाली घालायला लावली. ती आली आणि मी हादरलो. तिने माझा डोळा ताब्यात घेतला, कान ताब्यात घेतले. परीक्षा चालू असताना दुसरे काहीही उघडायचे नाही, असे मला बजावले. विद्यार्थ्याने मान वळवली, खोलीत दुसरा आवाज झाला, की लगेच खूण करायची. म्हणजे ज्या मुलीचा मी मित्र, तिच्यावरच मला पहारा करायचा होता.

नियम असा होता की खोलीत दुसरे कुणी नको. म्हणून परीक्षेच्या दिवसांत मास्तरांची खुर्ची स्वयंपाकघरात जाई. त्यांना काही हवे असले तर ते एरवी चमच्याने स्टीलच्या पेल्यावर ठोकत. तो आवाजही चालणार नव्हता. आईंनी पेला आणि चमचा वर फळीवर ठेवला, त्यांच्याजवळ प्लास्टिकच्या बाटलीत पाणी ठेवले आणि त्या बेकरीत गेल्या. मास्तरांनी मान डोलावली. त्यांची तयारी होती. पण मित्रांनो, नीट लक्षात घ्या. पेला वर, आई बाहेर, आणि त्यांचा आवाज म्हणजे मी, तो परीक्षेला बसलेला.

पहिले पेपर सुरळीत गेले. शेवटचा होता आज्ञावलीचा, म्हणजे संगणकाला काम सांगण्याच्या भाषेचा. गुंडीला सर्दी झाली होती. नाक पार चोंदले होते. तिने सुरुवातीला मला हातात धरून खोलीभर फिरवले आणि पलंगाखाली, दारामागे कुणी नाही हे दाखवले. पुठ्ठ्याच्या घडीवर मला ठेवले, तार जोडली आणि पेपर सुरू केला.

अर्धा पेपर झाला असेल. माझ्या पोटात आग पडली होती. पंखा जिवाच्या आकांताने फिरत होता, पण त्याच्या वाटेत पावाचा चुरा. मी सूचना द्यायला गेलो, तर नव्या प्रणालीने माझे तोंडच बंद केलेले. परीक्षा चालू असताना दुसरे काहीही उघडायचे नाही. माझ्या डाव्या कुशीतून एक बारीक करडी रेघ वर निघाली. गुंडीचे डोळे पडद्यावर होते. नाकाला वास येत नव्हता.

स्वयंपाकघराच्या दारातून मास्तरांना मी कुशीवरून दिसत होतो. खिडकीतल्या उजेडात त्यांना तो धूर दिसला. माझ्या डोळ्याच्या अगदी कडेला मला ते दिसत होते. ते डाव्या हाताने खुर्चीचे चाक ढकलू लागले. खुर्ची एका बाजूनेच ढकलली की जागच्या जागी गोल फिरते. ती फिरली आणि दाराच्या चौकटीत अडकली. पाण्याची बाटली पडली, पण प्लास्टिकची, फारसा आवाज झाला नाही. त्यांनी तोंड उघडले. मिटले. पुन्हा उघडले. गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या ताठ झाल्या.

आणि खोलीत एक आवाज फुटला.

“ब्रेक.”

जाड, भरदार, खडबडीत आवाज. त्या घरात इतके दिवस राहून मी तो कधीच ऐकला नव्हता. क्षणभर मला वाटले मीच बोललो. माणसाचा आवाज असा असतो, हे मला त्या क्षणी कळले. माझ्या त्या सपाट “पाणी” आणि “पंखा”ला सगळे घर आवाज म्हणत होते, याचे मलाच आश्चर्य वाटले.

गुंडी पुतळ्यासारखी बसली. मग सावकाश मागे वळली. बापाने डाव्या हाताचे बोट माझ्याकडे रोखले होते. तिने माझ्याकडे पाहिले, भिंतीतून तार उपटली, पलंगावरची चादर ओढून मला तिच्यात गुंडाळले आणि गॅलरीत पळाली. चटका बसला तसा तिच्या हातून मी सुटलो आणि फरशीवर आपटलो. हा कोपऱ्याचा तडा तेव्हाचा. मी उघडाच पडलो होतो, डोळा आभाळाकडे. वाळत घातलेला एक टॉवेल माझ्यावर हलत होता. पडद्यावर लाल अक्षरे उमटली होती की परीक्षा थांबवण्यात आली आहे. गुंडीने ती पाहिलीही नाही. ती आत गेली होती. मला फक्त ऐकू येत होते.

“बाबा, तुम्ही बोललात?”

बराच वेळ काही नाही.

“ब्रेक.”

“परत म्हणा.”

“ब्रेक. ब्रेक.”

मग दोघेही हसत होते की रडत होते हे मला सांगता येणार नाही. तो फरक समजण्याइतका मी हुशार नाही. थोड्या वेळाने माझी शुद्ध हरपली.

माझे नशीब बलवत्तर, आग धरली नाही. दुरुस्तीवाल्याने फुगलेली, करपलेली बॅटरी काढली आणि एका पत्र्याच्या डब्यात घालून आईंच्या हाती दिली. ही पेटली असती तर टेबल, पडदे, पलंग काही राहिले नसते, एवढेच तो म्हणाला. आईंनी डब्याचे झाकण पुन्हा पुन्हा दाबून पाहिले. मी नव्या बॅटरीनिशी घरी परतलो, तर घरात आनंदीआनंद असणार अशी माझी समजूत होती. वाचाबाई येऊन गेल्या होत्या. त्यांनी सांगितले होते की झटका आलेल्या माणसाला आयुष्यभर तोंडात घोळलेले शब्द कधीकधी आधी सापडतात, त्यामुळे हा शब्द म्हणजे फार चांगली खूण आहे.

पण गुंडी पलंगाच्या कडेला बसून होती. कॉलेजातून फोन आला होता. परीक्षेत बाहेरच्या माणसाची मदत घेतल्याचा तिच्यावर आरोप होता. खोलीत पुरुषाचा आवाज आला आणि त्याने उत्तर सांगितले.

उत्तर? मी चक्रावलो. मग मला आठवले आणि माझे सगळे भाग एकदम गार पडले. संगणकाला एकच काम पुन्हा पुन्हा करायला लावले की त्याला लूप म्हणतात. त्यातून मधेच बाहेर काढणारी एक आज्ञा असते. त्या घटकेला माझ्या पडद्यावर नेमका हाच प्रश्न होता की लूपमधून मधेच बाहेर पडायला कोणता शब्द वापराल. आणि उत्तर होते, ब्रेक.

त्या शब्दाची खूण करून तो कॉलेजला पाठवणारा कोण? मी. माझ्याच कानांनी तो पकडला होता. बापाच्या वर्षाहून अधिक गप्प राहण्यातून फुटलेला पहिला शब्द मी चोरी म्हणून पोचवला होता.

चौकशीच्या दिवशी गुंडीने मला पिशवीत घातले. डबाही घेतला. आई रजा काढून आल्या आणि मास्तर खुर्चीतून. झाकण मिटलेले असले तरी आमचे कान उघडे असतात, हे माणसांना ठाऊक नसते. त्यामुळे पुढचे सगळे मी ऐकले. टेबलापलीकडे परीक्षाप्रमुख बाई होत्या आणि एक तरुण सर. सरांनी आपल्या संगणकावर रेकॉर्डिंगचा तुकडा लावला. शब्द, आणि गुंडीचे मागे वळणे. संपला. तुकडा एवढाच होता. पुन्हा लावला. पुन्हा तेवढाच. ऐकणाऱ्याला दुसरे काय वाटणार? मलासुद्धा तो ऐकून गुंडीचा संशय आला असता.

गुंडीने सगळे सांगितले. डबा उघडून दाखवला. सर शांतपणे म्हणाले की बॅटरी खरीच खराब झाली असेल, पण त्या आधी आवाज आला, आणि शब्द नेमका उत्तराचा होता. शिवाय हिच्या वडिलांना बोलता येत नाही असे हीच म्हणते. मग बोलले कोण?

परीक्षाप्रमुख बाई खुर्चीतल्या मास्तरांकडे वळल्या. त्यांचा स्वर वाईट नव्हता. त्यांनी विचारले, “मास्तर, तो शब्द आम्हाला एकदा म्हणून दाखवाल का?”

मास्तरांनी तोंड उघडले. पिशवीतून मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. आत ओढलेला, अडलेला, पुन्हा ओढलेला. “अ… अ…” शब्द येईना. घरी आला होता, वाचाबाईंसमोर आला होता, आणि इथे, जिथे त्याची सगळ्यात जास्त गरज होती, तिथे येईना. माझ्या जिवाची इतकी तगमग कधीच झाली नव्हती. मी म्हटला असता तो शब्द त्यांच्यासाठी. तेच तर माझे काम होते. पण त्या खोलीत माझ्या शब्दाला काडीची किंमत नव्हती. तिथे माणसाचाच आवाज हवा होता. खुर्चीचे चाक किरकिरले. ते अंगातले सगळे बळ लावत होते.

गुंडी उठून उभी राहिली. “सर, माझी परीक्षा हवी तेवढ्या वेळा घ्या,” ती म्हणाली. “त्यांची घेऊ नका.”

मग आईंनी विचारले की जे वाजवून दाखवलंत ते सगळे आहे की मधलाच भाग. सरांनी सांगितले की प्रणाली खूण केलेला तुकडाच पुढे पाठवते, उरलेले साठवून ठेवते, आणि ते कुणी मागवत नाही. परीक्षाप्रमुख बाईंनी मागवायला सांगितले.

ते लागले. शब्द आला. गुंडी वळली. मग सरांच्या पडद्यावर सगळे उलटेपालटे झाले असणार, चादर, उजेड, आपटल्याचा आवाज. मग आभाळ आणि हलणारा टॉवेल. माझ्या डोळ्याने पाहिलेले आभाळ त्या बंद खोलीत उघडले, आणि त्यामागून आवाज आले. “बाबा, तुम्ही बोललात?” मग ती लांबलचक शांतता. मग “ब्रेक.” मग “परत म्हणा.” मग ते हसणे किंवा रडणे. आणि कुठेही, एकदाही, पेपर हा शब्द नाही, उत्तर हा शब्द नाही. परीक्षा थांबली होती आणि त्या मुलीच्या ते गावीही नव्हते.

रेकॉर्डिंग संपले तरी कुणी ते बंद केले नाही. तरुण सर म्हणाले की मागचा गोंगाट तपासायला पुन्हा एकदा ऐकावे लागेल. त्यांनी उठून खिडकी लावली आणि पुन्हा ऐकले. गोंगाटाबद्दल मात्र पुढे एक अक्षर बोलले नाहीत. आईंचे हुंदके पिशवीपर्यंत येत होते. त्यांनीही तो आवाज फुटताना पहिल्यांदाच ऐकला होता. त्या दिवशी त्या बेकरीत होत्या ना.

आरोप मागे घेतला गेला. पेपर मात्र अर्धाच झालेला. तो पुन्हा द्यावा लागेल, असे परीक्षाप्रमुख बाईंनी सांगितले, आणि गुंडीने तोंड वाकडे न करता मान्य केले. नापास झालेल्यांच्या बरोबरीने, वर्गातल्या बाकावर बसून, कागदावर तिने तो दिला. मी घरी होतो. आल्यावर तिने चपला काढल्या, पिशवी टाकली आणि पलंगावर आडवी होऊन संध्याकाळपर्यंत झोपली. परीक्षा संपल्यावरची ती झोप मी कधी विसरणार नाही. निकालात तिचे नाव वरही नव्हते आणि खालीही नव्हते. मधेच कुठेतरी होते. आईंनी तेवढ्यावर बेकरीतून केक आणला.

मास्तरांना पुढे आणखी शब्द सापडले, आणि तेही सगळे गाडीतले. चहा गरम असला की ‘हळू’. खुर्ची वळवायची तर ‘डावीकडे’. आई रागावल्या की ‘क्लच’. त्याचा अर्थ काय हे आईंनाच कळे.

गुंडीला नोकरी लागली आणि तिला तिथला नवा लॅपटॉप मिळाला. मला वाटले, आता पुन्हा भाजीचा क्रेट. पण तिने मला वाचाबाईंच्या दवाखान्यात दिले. झटक्याने वाचा गेलेली माणसे इथे येतात, माझ्या चित्रांवर बोट ठेवतात आणि मी त्यांच्या वतीने बोलतो. मास्तरही येतात, त्यांच्या शेजारी बसतात आणि म्हणतात, “हळू.”

मित्रांनो, माझे मागणे मोठे नाही. अधूनमधून आमच्या पोटाखाली तळहात लावून बघा. भाजत असेल तर काम थांबवा, तार काढा, वारा लागू द्या. आम्हाला ओरडता येत नाही. आणि ऐकायचे असेल तेव्हा सगळे ऐका. मी एका शब्दाचा तुकडा पाठवून एका मुलीचे वर्ष बुडवायला निघालो होतो, ते केवळ पुढचे कुणी ऐकले नव्हते म्हणून.

इथे हल्ली एक आजी येतात. त्या शाळेत गाणे शिकवत. रोज त्या पाण्याच्या पेल्याच्या चित्रापर्यंत बोट आणतात, टेकवतात आणि मी म्हणतो, “पाणी.” काल त्यांनी बोट उचलले. ते माझ्याकडे येऊ लागले. आणि वाटेतच थांबले. आजींचे ओठ हलत होते. वाचाबाई हातातले काम ठेवून वळल्या. मी बोलायला तयार होतो, शब्द अगदी तोंडाशी आला होता. पण बोट माझ्यापर्यंत पोचलेच नाही.

“पा…” आजी म्हणाल्या.

आम्ही सगळे गप्प राहिलो आणि वाट पाहिली.